टिकाऊ माळ ओवायची कशी: मण्याच्या भोकापासून शेवटच्या गाठीपर्यंत

माळ तुटली की दोष दोऱ्याला दिला जातो. पण चांगला दोरा ओढाताणीने सहसा तुटत नाही, तो आतल्या आत कापला जातो. माळ अंगावर असते तेव्हा प्रत्येक मणी किंचित पुढे-मागे सरकत राहतो, स्वतःभोवती फिरतो आणि दर वेळी त्याच्या भोकाची कड दोऱ्यावर घासते. तंतू एकेक करून झिजतात. वरून काहीच कळत नाही, आणि एक दिवस मणी जमिनीवर घरंगळतात. म्हणून टिकाऊ माळेसाठी भोक, दोरा आणि गाठ या तिन्हींचं माप एकमेकांशी जुळावं लागतं. मण्याचा रंग आणि घाट आपोआप डोळ्यांत भरतो, भोक मात्र मुद्दाम पाहावं लागतं.

भोक आधी, रंग नंतर

मण्यांचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात, पण ते मण्याच्या व्यासाचं असतं, भोकाचं नसतं. 8 मिमीच्या दगडी मण्याला साधारण 1 मिमीचं भोक असतं. मोत्यांना बहुधा 0.7 ते 0.8 मिमीचं, बारीक मोत्यांना त्याहूनही लहान. मोती वजनावर विकला जातो आणि मोठं भोक पाडलं की वजन घटतं, हे त्यामागचं कारण. लाकडी मण्यांची भोकं दीड-दोन मिमीपर्यंत असतात, पण एकाच सरातही ती सारखी नसतात.

भोक मोजायला महागडं साधन लागत नाही. 0.5, 0.6, 0.8 आणि 1 मिमी जाडीच्या तांब्याच्या तारांचे बोटभर लांबीचे तुकडे कापा आणि प्रत्येकावर मापाची चिठ्ठी लावून ठेवा. जो तुकडा अडखळत का होईना पण आरपार जातो, ते भोकाचं माप. सरातल्या निदान दहा मण्यांवर हे करून पाहा आणि सगळ्यांत लहान भोक निघेल ते हिशोबात धरा.

दगडी मण्याचं भोक दोन्ही टोकांकडून पाडून मध्यभागी मिळवतात. एकाच बाजूने आरपार विंधलं तर सुई बाहेर पडते तिथे दगडाची कपची उडते. सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी कार्नेलियन या तांबूस दगडाचे लांब मणी याच रीतीने दोन्हीकडून विंधले होते. ही पद्धत उत्तम आहे, पण दोन भोकं मध्यात नेमकी समोरासमोर आली नाहीत तर आत एक पायरी राहते. दोरा तिथे कायम घासतो. मणी उजेडाकडे धरून एका डोळ्याने आत पाहा: भोक गोल दिसण्याऐवजी चंद्रकोरीच्या आकाराचं दिसलं तर आत पायरी आहे असं समजा.

काठाची धार तपासायला एक सोपी चाचणी आहे. रेशमाचा टाकाऊ तुकडा भोकातून ओवून घट्ट ताणा आणि मणी त्यावर वीस-तीस वेळा जोरात पुढे-मागे करा. दोरा गुळगुळीत राहिला तर मणी चांगला. त्यावर लव उभी राहिली तर काठ घासायला हवा. तंतू तुटले तर तो मणी दोऱ्यात ओवूच नका, तारेत ओवा किंवा बाजूला ठेवा. पैलू पाडलेले काचमणी आणि नळीच्या आकाराचे बूगल मणी या चाचणीत हमखास नापास होतात. बूगलची टोकं कापलेली आणि तशीच सोडलेली असतात. तो वापरायचाच असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी घाला, म्हणजे दोरा वळतो तो त्या गोल मण्याच्या काठावर.

भोक मोठं करायला किंवा कड मोडायला हिऱ्याच्या कणांचा लेप दिलेली निमुळती कानस मिळते. मणी पाण्याच्या वाटीत बुडवून, कानस हाताने सावकाश फिरवत, अर्धं काम एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने करायचं. कोरडं घासलं तर दगड तापून तडकतो, लेप लवकर झिजतो आणि बारीक धूळ उडते. ती धूळ फुप्फुसांना घातक असते. मॅलाकाइटसारख्या तांबं असलेल्या दगडाच्या बाबतीत तर विशेषच जपा. विजेवर चालणारं यंत्र पाण्याजवळ आणू नका, आणि काचेचा मणी फार कोरू नका, तो चिरतो.

रंगाची परीक्षाही ओवण्याआधीच होऊन जाऊ द्या. कापसाचा बोळा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून एका फालतू मण्यावर घासा, रंग बोळ्यावर उतरला तर तो वरून चढवलेला आहे. प्लॅस्टिकचा मणी मात्र रिमूव्हरमध्ये विरघळू शकतो आणि मोत्याला तर तो लावूच नये. दुसरा एखादा मणी आठ-पंधरा दिवस कडक उन्हात ठेवा आणि सावलीतल्या मण्याशी ताडून पाहा. गुलाबी आणि जांभळ्या रंगाचे काचमणी इथे बऱ्याचदा फिके पडतात. सोनेरी-रुपेरी मुलामा दिलेले मणी घामाने आणि घर्षणाने उघडे पडतात, ते कपड्याला किंवा मानेला सतत घासणार नाहीत अशा जागी घाला.

दोरा कोणता

रेशीम मऊ असतं, माळ अंगावर छान लोळते आणि गाठ घट्ट व गोल बसते. मोत्यांसाठी म्हणूनच ते आजही पहिली पसंती आहे. पण रेशीम ताणतं, ओलं झालं की अधिकच ताणतं, आणि धारदार काठासमोर टिकत नाही. नायलॉनचा पीळदार दोरा जास्त मजबूत असतो, थोडा ताणतो, उन्हाने हळूहळू कमजोर होतो. पॉलिएस्टर कमी ताणतं आणि भिजल्याने फारसं बिघडत नाही. रोज वापरायच्या, घाम लागणाऱ्या दगडी माळेसाठी रेशमापेक्षा हेच दोन बरे. सुती दोरा घामाने कुजतो. मासेमारीची एकसंध नायलॉन दोरी पारदर्शक दिसते म्हणून अनेक जण घेतात, पण ती कालांतराने पिवळी व ठिसूळ होते आणि तिच्यावर गाठ नीट धरत नाही. तिच्या वाटेला जाऊ नका.

धारदार किंवा जड मण्यांसाठी नायलॉनचं आवरण असलेली बारीक पोलादी तार वापरतात. तिच्या आत 7, 19 किंवा 49 धागे पिळलेले असतात. धागे जितके जास्त तितकी ती लवचीक. माळेसाठी 49 धाग्यांची 0.48 मिमी जाडीची तार हा सुरक्षित पर्याय आहे. 7 धाग्यांची तार स्वस्त असते, पण एकदा दुमडली की तो बाक कायमचा राहतो.

दोऱ्याच्या पाकिटावर क्रमांक छापलेले असतात, पण ते कंपनीगणिक बदलतात. मिलिमीटरमधलं माप पाहूनच दोरा घ्या. भोकातून जाणारा सगळा दोरा मिळून भोकाची रुंदी जवळजवळ भरली पाहिजे. दोरा फार बारीक असला की मणी डुलतो आणि जास्त घासतो, शिवाय गाठ भोकात शिरते.

आता शेवटच्या मण्यांचा प्रश्न येतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. समजा मोत्याचं भोक 0.8 मिमी आहे आणि 0.35 मिमीचा दोरा दुहेरी घेतला आहे. दोन पदर शेजारी-शेजारी 0.70 मिमी होतात, म्हणजे मधल्या मण्यांना ते उत्तम बसतात. पण हुकाजवळच्या मण्यांमधून दोरा जाऊन परत येतो, म्हणजे चार पदर होतात. चार पदरांच्या जुडीची जाडी एका पदराच्या सुमारे 2.4 पट, इथे 0.85 मिमीच्या आसपास. 0.8 च्या भोकात ती जबरदस्तीने ओढली तर सुई मोडते किंवा मोती तडकतो. म्हणून दोन्ही टोकांचे तीन-तीन, असे सहा मणी आधीच 1 मिमीपर्यंत कोरून वेगळे ठेवायचे.

नवं रेशीम वापरण्याआधी ताणून घ्या: हवा तेवढा तुकडा उंचावर बांधून खाली 200 ते 300 ग्रॅम वजन लटकवा आणि रात्रभर ठेवा. हे टाळलं तर नवी माळ थोड्याच दिवसांत सैल होते आणि गाठी व मण्यांच्या मध्ये दोरा डोकावू लागतो.

लांबीचा हिशोब

गळ्यालगत बसणारी माळ 35 ते 40 सेंमी, गळ्याच्या हाडाखाली येणारी 43 ते 48, छातीवर येणारी 50 ते 60 आणि लांब माळ 70 ते 90 सेंमी असते. पण मान बारीक-जाड असते, तेव्हा ज्याच्यासाठी माळ करायची त्याच्या गळ्याभोवती सुतळी धरून माप घेणं सगळ्यांत चांगलं. या मापातून हूक आणि कडी यांची लांबी, साधारण 1.5 ते 2 सेंमी, वजा करा.

गाठी नसलेल्या माळेचा भागाकार सरळ आहे: 40 सेंमीला 8 मिमीचे 50 मणी, 6 मिमीचे 66, 4 मिमीचे 100. गाठवलेल्या माळेत प्रत्येक गाठीची जाडी वाढते आणि ती अंदाजपंचे धरून चालत नाही. त्याच दोऱ्यात दहा मणी दहा गाठी मारून ओवा आणि मोजा. समजा 8 मिमीच्या मण्यांचे 92 मिमी भरले, तर एका मण्यामागे 9.2 मिमी झाले. 45 सेंमीच्या माळेतून हुकाचे 2 सेंमी वगळले की 430 मिमी उरतात. 430 भागिले 9.2, म्हणजे 46 किंवा 47 मणी. नुसत्या मण्यांचा हिशोब केला असता तर 53-54 घेतले असते आणि माळ सहा-सात सेंमीने लांबली असती.

दोरा किती कापायचा? गाठवायची माळ असेल तर प्रत्येक पदर तयार लांबीच्या दुप्पट आणि वर 30 सेंमी. 45 सेंमीच्या माळेला 120 सेंमीचा पदर, दुहेरी म्हणून एकूण 240 सेंमी. थोडा दोरा वाया जातो, पण शेवटच्या चार मण्यांवर दोरा संपला तर सगळी माळ उसवावी लागते.

मोती गाठवणं

प्रत्येक मण्यानंतर गाठ मारण्याचे दोन फायदे आहेत. मणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मणी पडतो. मोती तसा नरम असतो, कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मोहस मापावर 2.5 ते 4.5 एवढाच, म्हणून मोत्याला मोती घासू देणं परवडत नाही.

सामान: मोती, 0.35 मिमी रेशीम, दुमडता येणाऱ्या नेढ्याची पिळाच्या तारेची सुई, टोकदार चिमटा, छोटी धारदार कात्री, हूक, आणि फ्रेंच वायरचे 8 ते 10 मिमी लांबीचे दोन तुकडे. फ्रेंच वायर म्हणजे अतिशय बारीक तारेची पोकळ गुंडाळी. ती हुकाच्या कडीतून जाणाऱ्या दोऱ्यावर चिलखत म्हणून बसते. माळेत सगळ्यांत जास्त घर्षण कडीशी होतं, म्हणून ही नळी गाळू नका. ती ताणली गेली तर वेटोळी उघडतात आणि परत मिटत नाहीत, तेव्हा चिमटीत हलकी धरा आणि कापतानाही दाबू नका.

1. मऊ कापड अंथरून मोती क्रमाने मांडा. आकार कमी-जास्त असतील तर सगळ्यांत मोठा मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना उतरत्या क्रमाने. कोरलेले सहा मोती टोकांना.

2. सुईत दोरा ओवून दुहेरी करा. मोकळ्या टोकांकडे 15 सेंमी शेपूट सोडून तिथे तात्पुरती चिमटी लावा.

3. पहिले तीन मोती ओवा, मग फ्रेंच वायरचा तुकडा, मग हुकाची कडी. हूक नळीच्या मध्यावर आणा.

4. सुई उलटी फिरवून हुकाला लागून असलेल्या मोत्यातून परत न्या आणि दोरा हळूहळू ओढा. नळी वाकून तिचा छोटा, बंद फास होतो. नळीची दोन्ही टोकं मोत्याला टेकली पाहिजेत, मध्ये रेशीम दिसता कामा नये.

5. आता शेपूट आणि कामाचा दोरा मोत्याच्या एकाच बाजूला आहेत. कामाच्या दोऱ्याने शेपटीभोवती साधी गाठ मारून मोत्याला घट्ट भिडवा. पुढच्या मोत्यातून सुई न्या, तो गाठीला टेकवा, पुन्हा गाठ. तिसऱ्यालाही तसंच. ही सुरुवात झाली.

6. यापुढे प्रत्येक मोती ओवायचा, आधीच्या गाठीला भिडवायचा आणि नवी गाठ मारायची.

ही गाठ नेमकी कशी मारायची ते नीट पाहू, कारण माळेचं रूप तिच्यावरच ठरतं. डाव्या हाताच्या दोन बोटांवर दोरा घेऊन मोठा सैल फास करा आणि सगळी माळ त्यातून खाली टाका. फास अजून सैल असतानाच चिमट्याचं टोक त्यातून घाला आणि मोत्याच्या अगदी लगत, भोकाशी, दोरा चिमटीत पकडा. आता फास ओढत आणा. तो चिमट्याच्या टोकावर आवळत जातो आणि मोत्याकडे सरकतो. गाठ टोकाशी आली की चिमटा उघडून अलगद काढून घ्या. त्याच क्षणी गाठ मोत्यावर बसते. शेवटी दोऱ्याचे दोन पदर वेगळे करून एक डावीकडे, एक उजवीकडे ओढा. उरलेली केसभर फटही मिटते.

गाठ मोत्यापासून दूर पडली तर बहुधा चिमटा लवकर काढलेला असतो किंवा दोरा भोकापासून लांब पकडलेला असतो. रेशमाची गाठ पूर्ण आवळण्याआधी असेल तर सुईच्या टोकाने उकलते, आवळल्यावर मात्र तंतू फाटतात. म्हणून आवळण्याआधी एकदा पाहा. दर सात-आठ मोत्यांनी माळ लोंबती धरून दोऱ्याचा पीळ उलगडू द्या, नाहीतर दोरा गुंतून नको तिथे गाठ बसते.

7. शेवटचे तीन मोती गाठ न मारता ओवा, मग नळी, मग हुकाचा दुसरा भाग. इथे दोरा ताणून घट्ट करू नका. तीन गाठींसाठी मोत्यांच्या मध्ये सुमारे दोन-दोन मिमी जागा लागते.

8. शेवटच्या मोत्यातून सुई परत आणा, नळीचा फास बंद करा, मोत्याआड गाठ मारा. मग दुसरा मोती, गाठ. तिसरा मोती, गाठ.

9. शेवटच्या गाठीवर सुईच्या टोकाने लवचीक राहणाऱ्या दागिन्यांच्या गोंदाचा बारीक थेंब ठेवा आणि चोवीस तास सुकू द्या. मग शेपूट गाठीलगत कापा. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद इथे वापरू नका. तो दोऱ्यात शोषला जाऊन दोरा काडीसारखा कडक करतो आणि कडक झालेला भाग मोडतो. त्याच्या वाफेने चकाकत्या मण्यांवर पांढुरकं पटलही चढतं.

तारेत ओवलेली माळ

इथे गाठ नसते, धातूची छोटी नळी दाबून तार पकडतात. या नळीला क्रिम्प म्हणतात. 0.48 मिमी तारेसाठी 2 मिमी व्यासाची क्रिम्प आणि तिच्यासाठी दोन खाचांची खास पकड लागते. साध्या पकडीने नळी चपटी होते आणि तिच्या कडा तारेला कापतात.

तार हवी त्या लांबीपेक्षा 15 सेंमी जास्त कापा. टोकाला क्रिम्प, मग हूक, मग तार परत त्याच क्रिम्पमधून. हुकाशी मोकळा फास ठेवा, हूक त्यात सहज हलला पाहिजे. आता नळीतल्या दोन तारा एकमेकींना ओलांडत नाहीत ना, हे पाहा. समांतर असतानाच मुठीकडच्या कंगोरेदार खाचेत नळी दाबा. तिच्यावर पन्हळ पडते आणि दोन्ही तारा वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. मग नळी पाव वळसा फिरवून टोकाकडच्या गोल खाचेत दाबा, ती मधोमध दुमडून गोल होते. हुकाला ओढून पाहा. तार सरकली तर क्रिम्प कापून टाका आणि नवी घाला, तीच पुन्हा दाबण्याचा उपयोग होत नाही. तारा नळीत ओलांडलेल्या राहिल्या की एक तार पकडलीच जात नाही, आणि तारेच्या माळा सुटतात त्या प्रामुख्याने याच चुकीने. उरलेलं टोक दोन-तीन सेंमी मण्यांमधून परत नेऊन मग कापा.

दुसरं टोक बंद करण्याआधी माळ गोल वाकवून धरा. सरळ रेषेत मणी अगदी घट्ट बसवले तर गोल केल्यावर तार ताणली जाते, माळ ताठ उभी राहते आणि क्रिम्पवर सतत जोर येतो. एक-दोन मिमी मोकळीक ठेवा. तार कापायची कात्रीही वेगळी ठेवा, रेशमाच्या कात्रीचे दात जातील.

इलॅस्टिकचं कडं

सोपं काम आहे, पण माप हमखास चुकतं. मनगट 16 सेंमी म्हणून 16 सेंमी मणी ओवले तर कडं चढत नाही, कारण मनगटाला टेकतो तो मण्यांचा आतला घेर. ओवलेल्या लांबीतून मण्याच्या व्यासाच्या 3.14 पट वजा केले की आतला घेर मिळतो. 16 सेंमी मनगटाला 8 मिमीचे मणी असतील तर 2.5 सेंमी वाढवून 18.5 सेंमी, म्हणजे 23 मणी. 6 मिमीचे असतील तर 30. 10 मिमीचे 19. सैल आवडत असेल तर एक मणी जास्त.

6 ते 8 मिमीच्या मण्यांना 0.7 ते 0.8 मिमी जाडीचं इलॅस्टिक घ्या आणि ओवण्याआधी थोडं-थोडं धरून चार-पाच वेळा ताणा. गाठ मारताना उजवं टोक डाव्यावरून एकाऐवजी दोनदा गुंडाळा, आवळा, मग डावं टोक उजव्यावरून एकदा. दोन्ही वेळा एकाच बाजूने गुंडाळलं तर गाठ आडवी पडते आणि सुटते. गोंदाचा थेंब लावून सुकल्यावर गाठ शेजारच्या मण्याच्या भोकात ओढून घ्या. तो मणी मोठ्या भोकाचा निवडलेला असावा. इलॅस्टिक धारदार मण्यांसमोर टिकतच नाही, पैलूदार काच त्यात ओवू नका.

बारीक काचमणी

विणकामाला लागणाऱ्या बारीक मण्यांचं माप उलटं चालतं: आकडा वाढेल तसा मणी लहान. 6/0 साधारण 4 मिमी, 8/0 साधारण 3, 11/0 दोनहून किंचित जास्त आणि 15/0 दीड मिमी. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स भागाचे मणी थोडे चपटे-गोल आणि आकाराने कमी-जास्त असतात, जपानी मणी जास्त एकसारखे. दंडगोल आकाराचे 11/0 मणी एका ग्रॅममध्ये साधारण 200 बसतात, गोल 11/0 त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. नक्षीत लागणारे मणी मोजून या हिशोबाने वजन काढा आणि दहा टक्के जास्त घ्या, कारण वाकडे आणि बुजलेल्या भोकाचे मणी बाजूला काढावे लागतात. एकाच रंगाच्या दोन खेपांमध्ये छटा वेगळी निघते, तेव्हा सगळे एकदम घेतलेले बरे.

सुईचंही तसंच: 11/0 ला क्रमांक 10 ची, 15/0 ला क्रमांक 12 किंवा त्याहून बारीक. दोऱ्यासाठी वेणीचा पॉलिथिलीन दोरा, साधारण 0.15 मिमीचा, फार उपयोगी आहे. तो ताणत नाही आणि काचेच्या काठाला पुरून उरतो. मात्र तो निसरडा आहे, गाठ एकट्याने धरत नाही. टोक विणीतून तीन-चार वेळा दिशा बदलून फिरवा आणि मध्ये दोन गाठी घ्या.

विणताना एखादा मणी जास्तीचा गेला तर सगळं उसवायची गरज नाही. पकडीने बाहेरून चिरडू नका, काचेची कपची आत घुसून दोरा कापते. जाड सुई त्या मण्याच्या भोकात घट्ट रेटा, मणी आतून बाहेरच्या दिशेने फुटतो आणि दोरा शाबूत राहतो. चष्मा लावा आणि वर कापड धरा.

जुनी माळ पुन्हा ओवताना

मोत्याची माळ रोज वापरात असेल तर वर्षाकाठी एकदा तपासा. गाठ आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसू लागला, दोरा काळपट झाला किंवा हुकाजवळ लव आली, यातलं एक जरी आढळलं तरी माळ नव्याने गाठवायची वेळ झाली. मोत्याचं पोत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आम्लाने ते झिजतं. अत्तर आणि केसांचा फवारा मारून झाल्यावरच माळ घालावी आणि काढल्यावर मऊ ओलसर कापडाने पुसावी. ओवलेली माळ पाण्यात बुडवू नका, रेशीम ताणतं आणि ओल भोकात अडकून राहते. ठेवतानाही टांगून न ठेवता कापडात आडवी ठेवा.

उसवण्याआधी माळेचं छायाचित्र काढा आणि लांबी मोजून लिहून ठेवा. मग उंच कडा असलेल्या ताटात मऊ कापड घालून एकेक गाठ मण्याच्या अगदी लगत कापा आणि मणी निघतील तसे चिकटपट्टीवर क्रमाने लावत जा. चढत्या-उतरत्या आकाराच्या माळेत अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण क्रम चुकला की तयार माळेत खटकतो. सुटे मोती सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन कोरड्या कापडावर पूर्ण एक दिवस वाळवा. बऱ्याच मोत्यांच्या भोकांत जुन्या रेशमाचे आणि गोंदाचे तुकडे अडकलेले असतात. बारीक तार घालून ते बाहेर ढकला. ढकलताना घट्ट लागलं तर मोती थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून पुन्हा प्रयत्न करा, आणि तरीही न निघालं तर दुसऱ्या बाजूने. भोक पूर्ण मोकळं झाल्यावर तारेच्या मापांनी ते पुन्हा मोजा. जुन्या माळेची भोकं वापराने रुंदावलेली असतात, आणि आधीच्याच जाडीचा दोरा घेतला तर गाठी आत शिरतात.